मंदा लॉनचा सातवा बेल्ट

जे काम बसून होतं ते उभ्यानं करू नये, असं चंद्रभान गुल्हाने यांचं ठाम मत होतं. जाम गावच्या चौकातल्या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात तीस वर्षं त्यांनी खिळ्यापासून पंपापर्यंत सगळं बसूनच विकलं. गिऱ्हाईक उभं, शेठ बसलेले. पुढे हायवेला लागून असलेल्या दीड एकरात त्यांनी लग्नांसाठी 'मंदा लॉन' काढलं. त्यावर गवत उगवलं. मग ते गवतही बसूनच कापायचं, हे ओघानं आलंच.

तेवढ्यात नागपूरकडचं कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथलं गवत कापायचं मशीन विकायला निघालं. हातानं ढकलायचं साधं मशीन नव्हे. चार चाकं, स्टिअरिंग, पोटाखाली पातं, आणि वर बसायला गुबगुबीत सीट. (माणसं इंजिन बघून गाडी घेतात. चंद्रभानभाऊंनी सीटवर बूड टेकवून पाहिलं आणि सौदा पक्का केला.)

"कायले पाहिजे थे?" मंदाबाईंनी विचारलं. लॉनला नाव मंदाबाईंचं होतं, आणि लॉनवरचं निम्म्याहून जास्त कामही नवऱ्यानं त्यांच्याच नावावर केलं होतं. "सुलोचनाबाई अन् तिच्या सहा बाया विळे घेऊन येतात, तीन दिवसांत सारं साफ. गवत भी नेतात, म्हशीले होते."

"जमाना कुठं गेला, मंदे! एका घंट्यात काम. थेही बसल्या बसल्या."

"बसा मंग," मंदाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मशीन आलं त्या दिवशी अर्धं जाम लॉनवर लोटलं. नारळ फुटला, स्टिअरिंगला हार पडला, आणि चंद्रभानभाऊ नवा शर्ट घालून सीटवर विराजमान झाले. उजव्या हाताशी वेगाची एक दांडी होती. तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. सीटशेजारी पातं वर-खाली करायचा खटका. डाव्या पायाशी एक पेडल. दाबलं की मशीन थांबतं, सोडलं की चालतं. इतकं सोपं.

"शेठ, पहिले कासवावर ठेवा," इंजिन चालू करून देणाऱ्या नत्थूनं सुचवलं. नत्थू हा हायवेवरचा मिस्त्री. ट्रकपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडायची त्याची तयारी असे.

"कासवावर बसाले का मी मशीन घेतली?" असं म्हणून भाऊंनी दांडी सशावर नेली आणि पेडल सोडलं. मशीननं अशी उडी मारली की गळ्यातला टॉवेल मागे राहिला. त्याच क्षणी त्यांचा डावा पाय परत पेडलवर गेला आणि अर्धवट दाबून तिथंच राहिला. पुढचे सहा महिने तो तिथून हलला नाही. भाऊ घाबरले होते का? असं त्यांच्या तोंडावर विचारायची कोणाची छाती नव्हती, म्हणून आपणही तूर्त विचारायला नको. मशीन सशाच्या आवाजात गुरगुरत कासवाच्या चालीनं निघालं, आणि लोक म्हणाले, "काय रुबाबात चालवते भाऊ!"

नवव्या दिवशी रबर जळाल्याचा वास आला, फाटकन आवाज झाला आणि मशीन जागच्या जागी थांबलं. चाकांना ओढणारा बेल्ट तुटला होता.

आता दुसऱ्या कोणाचा बेल्ट तुटला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. पण चंद्रभानभाऊंच्या दुकानात भिंतभर बेल्टच टांगलेले. चक्कीचे, थ्रेशरचे, पंपाचे. आसपासच्या वीस गावांत बेल्ट म्हटलं की गुल्हाने. गिऱ्हाईकानं बेल्टचा आकडा सांगायच्या आत ते काठीनं नेमका बेल्ट काढून देत, आणि वर एक प्रवचन फुकट. अशा माणसाचा बेल्ट नऊ दिवसांत तुटावा, म्हणजे वैद्याच्याच घरी खोकला.

त्यांनी लांबी मोजून दुकानातलाच एक बेल्ट बसवला. तो वीस दिवस टिकला. तिसरा नागपूरहून ओरिजिनल मागवला. त्याच्या किमतीत चक्कीचे चार आले असते. तो पंधरा दिवस टिकला, म्हणजे ओरिजिनल असल्याचा त्याला काही अभिमान नव्हता. दर खेपेला नत्थूची मजुरी, नत्थूचा समोसा, मग नत्थूला शंका आली म्हणून नवी पुली, पुलीला शंका आली म्हणून नवं बेअरिंग. मधल्या काळात गवत गुडघ्यापर्यंत यायचं, की सुलोचनाबाई आपल्या बाया घेऊन हजर. त्या गवत कापत आणि जाताना मशीनकडे पाहून तोंडाला पदर लावत.

चौथा बेल्ट तुटला त्या आठवड्यात दुकानात एक शेतकरी थ्रेशरचा बेल्ट घ्यायला आला. भाऊंनी काठीनं बेल्ट काढला. त्यानं तो हातात घेऊन वाकवून पाहिला, वासही घेतला.

"शेठ, तुमच्या मशीनले हाच लावता का?"

"नाई. त्याची जात अलग."

"पण भिंत तं हेच हाय ना," तो म्हणाला आणि बेल्ट काउंटरवर ठेवून समुद्रपूरला गेला. बेल्ट घ्यायला, जामहून समुद्रपूरला! चंद्रभानभाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही. पैसा गेला तर येतो, पण तीस वर्षांचं नाव असं गवतात जाताना पाहून त्यांना खरोखर रडू आलं.

अशा मनःस्थितीत नत्थूनं पुली उघडली आणि तिच्या खाचेतून एक पिवळा तांदूळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय होय, भाऊ?"

"अक्षता!" भाऊ ओरडले. "सापडलं! दर लग्नात हजार माणसं मुठीमुठीनं तांदूळ फेकून राह्यले. बेल्टमंधी जाईन नाई तं काय होईन?"

"एक दाणा हाय, भाऊ."

"बाकीचे बेल्टनं खाल्ले."

दुसऱ्याच दिवशी मंदा लॉनच्या फाटकावर पाटी लागली: 'कृपया गवतावर अक्षता टाकू नये. आज्ञेवरून.' लग्नाच्या लॉनवर अशी पाटी साऱ्या जिल्ह्यात दुसरी नसावी.

पहिलं लग्न आलं ते तळेगावच्या पाहुण्यांचं. मंगलाष्टकं सुरू झाली, पहिलं 'सावधान' झालं, शेकडो हात वर गेले, आणि भटजींच्या हातातला माईक चंद्रभानभाऊंनी घेतला.

"पाव्हणे मंडळीले विनंती हाय! अक्षता हातातच ठेवा! स्टेजच्या गालिच्यावर टाकाच्या असतीन तं लाईननं या!"

हात वरच राहिले. नवरदेवाच्या आजोबांनी पहिल्या रांगेतून विचारलं, "काऊन जी? लगन लावून राह्यले का रेशन वाटून राह्यले?"

"बाबाजी, मशीनचा बेल्ट तुटते."

"नातवाचं लगन जुळाले चार वर्षं लागले, अन् तुमाले बेल्टची पडली!" असं म्हणून आजोबांनी आपली मूठ नेम धरून भाऊंच्याच डोक्यावर रिकामी केली. मग काय, सगळ्यांनाच दिशा सापडली. चार मंगलाष्टकं होईपर्यंत त्यांच्यावर एवढ्या अक्षता पडल्या की एक दूरची मावशी पाया पडायला आली, आणि आहेराचं पाकीट चुकून त्यांच्याच हातात देऊन गेली.

त्या लग्नानंतर सुलोचनाबाईंच्या बायांनी झाडून, वेचून लॉनवर तांदळाचा दाणा ठेवला नाही. मशीन निघालं. आठव्या दिवशी पाचवा बेल्ट तुटला, आणि महिन्यानं सहावाही त्याच वाटेनं गेला.

त्या दिवशी मंदाबाईंनी निकाल दिला. "हा सातवा बेल्ट शेवटचा. माघात हिंगणघाटच्या गोपालरावांच्या पोरीचं, अंजूचं लगन हाय आपल्याकडं. तोवर टिकला तं मशीन राहीन. नाई तं भंगारवाल्याले फोन मी लावतो."

सातवा बेल्ट चढला तेव्हा भाऊ दुकानातून यायचे होते. मंदाबाईंनी पदर खोचला, सीटवर बसल्या, पातं खाली केलं, दांडी कासवावर ठेवली, पेडल सोडलं आणि पाय सरळ आखडून घेतला. मशीन गुणी बैलासारखं चालू लागलं. सव्वा तासात दीड एकर सपाट. ना वास, ना धूर. भाऊ फाटकाशी येऊन हे पाहत उभे राहिले.

नत्थूनं डोकं खाजवलं. "भाऊ, आता तुमी बसा. दहा पावलं चालवा." भाऊंनी चालवलं. नत्थू गवतात पालथा पडून त्यांच्या पायाकडे बघत राहिला. मग उठून त्यानं हात झाडले.

"बेल्टची गलती नाई, पुलीची नाई, तांदळाची तं बिलकुल नाई. तुमचा पाय होय, भाऊ. अर्धं पेडल दाबून ठेवता. इंजिन म्हणते चाल, पेडल म्हणते थांब, अन् बेल्ट बिचारा मधात घासून मरते."

घरी आल्यावर चहाचा कप पुढ्यात ठेवून मंदाबाईंनी विचारलं, "कायले दाबून ठेवता थे?"

भाऊंनी कपात पाहिलं. "भेव लागते मले," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी तिनं उडी मारली ना, तवापासून."

"मंग तवाच सांगाचं ना, अवो."

"अर्धं जाम उभं होतं, मंदे."

मंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा नवऱ्याच्या कपात ओतला आणि म्हणाल्या, "आता मी चालवतो." भाऊंना बरं वाटलं. दोन दिवस.

कारण सातवा बेल्ट टिकला. एक महिना, दोन महिने. गिऱ्हाइकं परत आली, पण येऊन म्हणायची काय? "शेठ, काकूच्या हातचा बेल्ट द्या." कोणी तर थ्रेशरची तक्रार घेऊन यायचं आणि भाऊंना ओलांडून आत डोकावायचं, काकू आहेत का? बेल्ट म्हणजे गुल्हाने हे खरंच होतं. फक्त गुल्हाने बदलले होते. अंजूच्या लग्नाच्या दिवसापर्यंत हे दुखणं त्यांच्या अगदी गळ्याशी आलं.

सकाळची वेळ. स्टेज सजलं होतं. गवतातून स्टेजवर चढणारा लाकडी रॅम्प, त्यावर लाल गालिचा, वर नवरानवरीचा मखमली सोफा.

"शेवटचा एक हात मी फिरवतो," भाऊ म्हणाले. "पायबी उचलतो. तुयी आन."

मंदाबाईंनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "कासवावर ठेवजा," एवढंच म्हणून त्या बाजूला झाल्या.

भाऊ बसले. दांडी कासवावर ठेवलीही होती. पण नेमके नवरीचे वडील गोपालराव फोटोग्राफरला घेऊन फाटकातून आत आले आणि म्हणाले, "अरे वा, आज तुमी? आमी आयकलं, मशीन ताईच चालवतात म्हणे!"

दांडी सशावर गेली. पेडल सुटलं. आणि सहा महिने दाबून ठेवलेला ससा एकदाचा मोकळा झाला.

"पेडल दाबा!" नत्थू ओरडला.

पाय पेडलपर्यंत गेला. पण दाबला तर बेल्ट जातो! समुद्रपूरला गेलेला तो शेतकरी त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि चंद्रभानभाऊंनी पाय वर उचलून चक्क सीटवर मांडी घातली. मशीन सरळ गेलं. रॅम्पवर चढलं. गालिचा गोळा करत स्टेजवर पोचलं आणि मखमली सोफ्याच्या बरोबर मध्ये नाक खुपसून थांबलं. चाकं तिथल्या तिथं फिरत होती. फोटोग्राफरनं सवयीनं फोटो काढला. मंदाबाई रॅम्पवरून धावत वर आल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली.

"लागलं का कुठं?" त्यांनी भाऊंचे हातपाय चाचपले.

"माह्यं सोड," भाऊ म्हणाले. "नत्थू! बेल्ट पाह्य!"

नत्थू मशीनखाली सरपटला. गोपालराव, आचारी, भटजी सगळे खाली वाकून उभे. खालून आवाज आला, "शाबूत हाय, भाऊ! खरचटलंही नाई!"

चंद्रभानभाऊ स्टेजवर, फुलांच्या कमानीखाली, मांडी घातलेल्या अवस्थेत ताठ झाले. एवढा अभिमान त्यांना स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता. "पाह्यलं, मंदे? टिकला का नाई? चालवली का नाई मी?"

खाली सुलोचनाबाई चाकांच्या खुणांवरून हात फिरवत वाकून चालत होत्या. रॅम्पपाशी येऊन त्या उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "चालवली तं मस्त, भाऊ. पण गवत जसंच्या तसं हाय. पातं खाली कराचं राह्यलं तुमचं."