दाऊदभाईंची राखीव फौज

सौदीतल्या आमच्या यान्बूच्या कॅम्पात शुक्रवारची नमाज आटोपली, की दाऊदभाई शिट्टी फुंकून सैन्य गोळा करत. सैन्य म्हणजे आम्हीच, दोन वेल्डर, तीन फिटर आणि स्टोअर सांभाळणारा मी. लढाई बिर्याणीची.

दाऊदभाई दापोलीकडचे, पाइपफिटरांचे फोरमन. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरने त्यांना जाडजूड पुस्तक देऊन टाकलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजांनी आपली राखीव फौज कशी बांधली, हा त्याचा विषय. दुसऱ्या कुणी ते उशाला घेतलं असतं. भाईंनी ते वाचलं आणि आमचं स्वयंपाकघर त्याबरहुकूम चालवायला घेतलं. रोज रांधणारे ते खडी फौज. सुट्टीला तेवढे कांदे चिरायला येणारे ते टेरिटोरियल, म्हणजे फावल्या वेळेचे शिपाई.

एकदा बिर्याणीला दम द्यायच्या वेळीच गॅस संपला. भाईंनी सावंत वेल्डरला शेजारच्या कॅम्पातून सिलिंडर आणायला फर्मावलं. सावंत जागचा हलेना.

"भाई, मी टेरिटोरियल. त्याला मर्जीविरुद्ध समुद्रापार पाठवता येत नाही, तुम्हीच सांगितलंत."

आता भाई भडकणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी सावंतला मिठीच मारली. "शाब्बास! एकानं तरी नीट ऐकलान!" म्हणाले, आणि स्वतःच जाऊन सिलिंडर खांद्यावरून घेऊन आले.

पण त्यांचा खरा जीव राखीव फौजेवर. म्हणजे नोकरी संपवून कोकणात परतलेले आपले जुने लोक. "पलटण सोडली म्हंजे सुटला असा नाय. नाव पटावर ऱ्हातं. हाक आली की हजर." जेवणं झाली, की भाई एकेकाला फोन लावत.

"इब्राहिम, हजर?"

पलीकडून कुणी होडीतून, कुणी आंब्याच्या बागेतून ओरडे, "हजर, भाई!" आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. भाई मात्र गंभीर. हजेरी पुरी झाल्याशिवाय चहाला हात लावत नसत.

मग यंदा भाईंचंच वय झालं. कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, इकामा हा राहण्याचा परवाना वाढवला नाही, खलास. भाभी मागेच वारल्या होत्या, मुलगा कॅनडात. दापोलीच्या घराला कुलूप होतं. विमानतळाच्या गाडीत बसलेले भाई पुन्हा खाली उतरले आणि त्यांनी शिट्टी माझ्या हातात ठेवली.

"राखीव माणसाला कुणी हाकच मारली नाय, तर तो नुसता घरी बसलेला म्हातारा रे. इसरू नको."

मी शिट्टी खिशात घातली.

पुढच्या शुक्रवारी शिट्टी मी फुंकली. बिर्याणी खालून करपली, तरी सगळ्यांनी खाल्ली. मग सगळ्यांना भोवती बसवून मी दापोलीला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला, आणि मी तोंड उघडण्याआधीच आवाज आला,

"हजर!"