अर्जुनावरचा वानर आणि जांभळीवरचा वानर

एका जंगलात, मुलांनो, वानरांना एकच काम नीट यायचं. उंच झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि वाघ दिसला की खाकरून ओरडायचं. ते ऐकलं की खालची चितळं शेपट्या वर करून पळत. मान खाली घालून चरणाऱ्याला वाघ दिसत नाही, म्हणून ही सोय. उलट चितळांना वाघाचा वास आला की ती पाय आपटत, आणि खाली उतरलेले वानर झटकन झाडावर चढत. कुणी कुणाचे आभार मानत नसे, पण बरेच जण जिवंत राहत.

पाणवठ्याच्या एका काठावर अर्जुनाचं झाड होतं, दुसऱ्या काठावर जांभळीचं. अर्जुनावर उड्डाणराव नावाचा वानर पहारा करी, जांभळीवर कोलांटे नावाचा.

एके दिवशी उड्डाणराव चुकून ओरडला. वाळक्या पानांत मुंगूस सळसळलं होतं, एवढंच. पण सगळं जंगल थबकून त्याच्याकडे बघायला लागलं. एरवी त्याच्याकडे ढुंकूनही न बघणारे मोरसुद्धा! उड्डाणरावला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो मुंगूस नसतानाच ओरडला.

कोलांटेच्या पोटात दुखू लागलं. तोही तेच ओरडला असता, पण मग दोघांत फरक काय राहिला? म्हणून तो घसा ताणून म्हणाला, "वाघ नाहीच! सगळी अफवा आहे!"

ही युक्ती भलतीच चालली. ज्यांना भ्यायला आवडे ते अर्जुनाखाली जमले. ज्यांना भिणाऱ्यांचा राग येई ते जांभळीखाली. महिनाभरात एका कळपाचे दोन कळप झाले. सख्ख्या बहिणी एकमेकींकडे पाठ करून चरू लागल्या.

मग रोज दिवेलागणीला चर्चा सुरू झाली. (जंगलात दिवे नसतात, हे मला माहीत आहे. मध्ये बोलू नका.) चर्चेला कोल्हा असे. तो वाघाचं उष्टं खाई, म्हणून त्याला वाघाचा जाणकार म्हणत. पोपट असे, त्याला पढवलेलं सगळं यायचं. रानडुक्कर असे. ते कशासाठी असे हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ते चिडलं की गर्दी वाढे. सगळे एकदम बोलत. ज्याचा आवाज शेवटी उरे तो जिंकला, असं धरत.

"आजचा सवाल!" उड्डाणराव गरजे. "वाघ आहे की नाही? एका शब्दात सांगा!"

तो एक शब्द अंधार पडेपर्यंत चाले.

याच पाणवठ्यावर अंबूताई नावाची चितळाची मादी यायची. तिला पंधरा दिवसांचं पाडस होतं. चितळांच्या रिवाजाप्रमाणे ती त्याला उंच गवतात निजवून ठेवी आणि बजावी, "मी येईपर्यंत हलायचं नाही." पाडस गुणी होतं. ते हलत नसे.

एका संध्याकाळी अंबूताईला वास आला. ओढ्याकडून, आणि अगदी जवळून. तिने पाय आपटला. कुणी बघितलं नाही, चर्चा रंगात आली होती. पाडसाला घेऊन गुपचूप निघून जाणं तिला जमलं असतं. पण बाई भल्या मनाची. ती अर्जुनाखाली धावली.

"अहो, वाघ आलाय! पळा!"

उड्डाणराव हरखला. "थांबा ताई, असं घाईत नको. त्या दगडावर उभ्या राहा, म्हणजे मागच्यांनाही दिसाल."

"ताई, तुम्ही अर्जुनाच्या की जांभळीच्या?" समोरून कोलांटेने विचारलं.

"मी पाणी प्यायला येते हो."

"म्हणजे सांगायचं नाही तर!"

"पाच उन्हाळ्यांपूर्वी रानकुत्रे आले होते," पोपट म्हणाला. "तेव्हा पाय का नाही आपटलात?"

"तेव्हा माझा जन्म झाला नव्हता."

"बघा, प्रश्नाला बगल देतायत!"

"आणि वास हा काही पुरावा नव्हे," कोल्हा म्हणाला. "वास काय, मलाही येतोय."

अंबूताई जायला निघाली. "जाऊ नका," उड्डाणराव म्हणाला. "शेवटचा शब्द तुमचाच."

अंबूताई थांबली. तिला वाटलं, एकदा धड बोलायला मिळालं की सगळ्यांना पटेल. भलीभली माणसं इथे फसतात, तिथे चितळाचं काय घेऊन बसलात!

रानडुक्कर तिला खोटारडी म्हणालं. तिने उत्तर दिलं. मग त्याच्या उत्तराला उत्तर दिलं. तिचा आवाज चढला, तशा अर्जुनाखालच्यांनी खूर आपटून तिला दाद दिली. खोटं कशाला सांगू, घटकाभर तिलाही बरं वाटलं.

तेवढ्यात ओढ्यातून वाघ वर आला. तो लपतछपत आला नाही. दोन झाडांच्या बरोब्बर मधून, पाणी तुडवत चालत आला. शेंड्यावरून पलीकडच्या टेकडीवरचा ससासुद्धा दिसे, पण दोन्ही वानरांची तोंडं एकमेकांकडे होती, आणि खालच्या सगळ्यांची त्यांच्याकडे. वाघाने क्षणभर उभं राहून चर्चा ऐकली. मग तो गवतात शिरला.

पाडस हललं नाही. आईने सांगितलं होतं.

त्याची एकच किंकाळी आली. अंबूताई बोलणं अर्धवट टाकून धावली. गवत दबलेलं होतं आणि अजून ऊबदार होतं. ती तिथेच हुंगत फिरत राहिली. तिला वाघाचा राग आला नाही. तिला स्वतःचा आला, आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिप्पट गर्दी झाली. नवा सवाल होता, "पाडस होतं की नव्हतं?" अर्जुन म्हणत होता, होतं आणि ते जांभळीवाल्यांनीच घालवलं. जांभूळ म्हणत होती, नव्हतंच, आणि असलंच तर थंडीने गेलं. अंबूताईला बोलावणं गेलं. आपण गेलो नाही तर ते नव्हतंच असं ठरेल, म्हणून ती बिचारी आली. दगडावर उभी राहिली. तिने तोंड उघडलं.

"थोडक्यात सांगा, ताई," उड्डाणराव म्हणाला. "अजून पाच जण बोलायचे आहेत."

तात्पर्य: मुलांनो, दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. त्या अख्ख्या जंगलात हा नियम एकट्या वाघाने पाळला, आणि तोच तेवढा पोटभर जेवून झोपला.