अठरावा हप्ता

"बाकी तुमचं सगळं छान आहे हो," बँकेच्या कर्जविभागातल्या बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "पण तुम्ही थकबाकीदार आहात."

कवळीवाल्यांना वाटलं, बाई मागच्या कुणाशी तरी बोलतायत. त्यांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

गेली सव्वीस वर्षं ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देत होते. दुकानदाराने चुकून नाणं जास्त दिलं, तर अर्ध्या रस्त्यातून परत नेऊन देणारा माणूस. 

"मी? कुणाचा?"

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. अकरा वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेलं वॉशिंग मशीन. हप्ते अठरा, भरलेले सतरा. बाकी सहाशे चाळीस.

"अहो, ते मशीन भंगारात जाऊनसुद्धा पाच वर्षं झाली!"

"मशीन गेलं, नोंद राहिली. त्या कंपनीकडून 'काही बाकी नाही' असं पत्र आणा, मी लगेच कर्ज मंजूर करते. पण शुक्रवारी चारच्या आत बरं का."

शुक्रवार बाईंनी ठरवलेला नव्हता. ज्या दोन खोल्या आणि एवढीशी गॅलरी कवळीवाल्यांना विकत घ्यायची होती, त्या जागेच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, "तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबतो. नंतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." आणि आज सोमवार उलटत आला होता.

घरी बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. तिचं हे शांतपणे ऐकणंच त्यांना जास्त जड जायचं.

"शेवटचा हप्ता भरायला तुम्हीच गेला होतात ना?"

"गेलो होतो. ऑफिसला कुलूप होतं. म्हटलं, हवे असतील तर येतील मागायला."

"आले की. दहा वर्षांनी."

मंगळवारी शोध लागला, की ती कंपनी दुसऱ्या एका कंपनीने गिळली होती आणि त्या दुसरीला तिसरीने. तिसरीच्या फोनवर कवळीवाल्यांनी चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक तरुण आवाज म्हणाला, "दंड-व्याज धरून चार हजार एकशे पंच्याऐंशी होतात सर."

"भरतो. आत्ता भरतो. कुठे भरू?"

"भरता येणार नाहीत सर. तुमचं खातं बंद आहे."

"खातं बंद आहे, मग बाकी कशी?"

"बाकी चालू आहे सर."

कवळीवाल्यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. शेवटी आवाजाला त्यांची दया आली. खातं पुन्हा उघडण्यासाठी त्याने अर्ज नोंदवून घेतला, संपर्कासाठी बायकोचाही नंबर घेतला आणि "मेसेज येईल" असं सांगितलं.

मेसेज आला बुधवारी दुपारी, जेवणाच्या वेळी, दोघांच्याही फोनवर. पैसे भरण्याची लिंक होती. कवळीवाल्यांचा लिंकवर काडीचा विश्वास नव्हता. समोरचं ताट तसंच ठेवून ते उठले, "जरा जाऊन येतो" म्हणाले आणि दोन बस बदलून कंपनीच्या ऑफिसात जाऊन रोख पैसे भरून आले. संध्याकाळी घरात शिरले तेच सुटका झाल्याच्या चेहऱ्याने.

"एक सांगायचंय," ते म्हणाले.

"मलाही," बायको म्हणाली. "आधी माझं ऐका. तुम्ही ताटावरून उठून गेलात ना, मला बघवेना. मी त्या लिंकवरून भरून टाकले. माझ्या साठवलेल्यातले."

कवळीवाले खाली बसले. तेवढ्यात परगावी नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला.

"बाबा, आईने दुपारी सगळं सांगितलं. मला लिंकपण पाठवली होती, खरी आहे का बघ म्हणून. खरी आहे. मी भरून बघितले!"

"तीनदा," कवळीवाले पुटपुटले.

"जास्तच भरले ना? कमी तर नाही," बायको म्हणाली. तसं बघितलं तर बरोबर होतं. पण नोंद व्हायला एक दिवस लागणार होता. तो गुरुवार त्यांनी असा काढला, की एका आजोबांच्या कवळीत दोन्ही सुळे डाव्या बाजूला बसले.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता दोघं कंपनीच्या काउंटरपुढे उभी होती.

"पत्र नाही मिळणार," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "खात्यावर बाकी दिसतेय."

"अहो ताई, तीनदा भरले!"

"म्हणूनच. ही बाकी तुमची नाही काका, आमची आहे. आम्हीच तुमचे आठ हजार तीनशे सत्तर देणं लागतो. खातं शून्यावर आल्याशिवाय पत्र छापलंच जात नाही."

"मग मला नकोत ते. सोडले मी."

"असे सोडता येत नाहीत. परत करावे लागतात. पंधरा दिवस लागतील."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. कवळीवाल्यांनी काउंटरची कड धरली. बायकोने मात्र पदर खोचला.

"तुमच्या साहेबांना बोलवा," ती म्हणाली. "आमचे सहाशे चाळीस राहिले, तर दंड-व्याज लावून चार हजार केलेत. आता तुमच्याकडे आमचे राहिलेत. आम्ही किती लावायचं, ते त्यांच्याशीच ठरवते."

साहेब धावतच बाहेर आले. चेहरा घामेजलेला. "ताई, हळू बोला. सोमवारी वरून तपासणी येतेय. गिऱ्हाइकाचे पैसे आमच्याकडे अडकलेले दिसले, तर माझी नोकरी जाईल. मी आत्ता रोख देतो. फक्त मला तुमच्याकडून लेखी लागेल."

"काय लेखी?"

"की कंपनीकडे तुमची काही बाकी नाही."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. कवळीवाल्यांना ती नजर ओळखीची होती. गेल्या सोमवारपासून ती त्यांच्याच डोळ्यांत होती. "तुम्ही आधी बसा," ते म्हणाले. "पाणी घ्या थोडं."

घर त्यांना मिळालं, हे सांगून टाकलेलं बरं. उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. चाराला सहा मिनिटं कमी असताना बँकेतल्या बाईंनी शिक्का मारला. पण त्याआधी, त्या काउंटरवर, कवळीवाल्यांनी एकेक अक्षर कोरून पत्र लिहिलं. बायकोने नोटा दोनदा मोजल्या. काउंटरवरच्या मुलीने कंपनीचं पत्र छापून साहेबांच्या हातात दिलं. आणि मग साहेब आणि कवळीवाले समोरासमोर उभे राहिले, दोघांचीही पत्रं पुढे केलेली, आणि दोघांचीही बोटं आपापल्या कागदावर घट्ट. आधी कोण सोडणार?

शेवटी बायकोने एक-दोन-तीन म्हटलं, तेव्हा कुठे दोघांनी एकदम सोडली.