‘अ’ काढल्यावर

व्याकरण हा समाजाचा पाया आहे. उपसर्ग कुठे संपतो आणि मूळ शब्द कुठे सुरू होतो हे ज्याला कळत नाही, तो पुढे माणसांतही गल्लत करतो. हे ओळखून भातकुलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेने १९५८ साली तिसरीच्या मुलांना शब्दांची फोड शिकवली. प्रयोग यशस्वी झाला. (इतका, की पुढे आवरता घ्यावा लागला.)

शिकवणारे मोरोपंत मास्तर विद्वान गृहस्थ. ‘अ’ लागला की अर्थ उलटतो, काढला की सुलटतो, हा नियम त्यांनी छडीच्या मदतीने रुजवला होता. ज्ञान-अज्ञान, न्याय-अन्याय. शंभरातली नव्वद मुले ‘अन्याय’ चटकन सांगत. न्याय आठवायला जरा वेळ लागे.

एकदा शाळातपासणीला अमरावतीहून दिपोटीसाहेब आले. उपसर्ग आणि प्रत्यय दोन्ही असलेला शब्द त्यांनी विचारला. पुढच्या रांगांनी पाटीत डोके घातले. दाराशी वेगळ्या तरटावर बसणाऱ्या मैनेने समोरच्या भिंतीवरचे सरकारी वाक्य वाचले आणि हात वर केला.

“अस्पृश्यता.”

“वा! फोड कर.”

“मागचा ‘ता’ काढला, अस्पृश्य. पुढचा ‘अ’ काढला, स्पृश्य.”

“म्हणजे काय?”

“शिवलं तं चालते.”

“शाब्बास! हे कधी विसरू नको.”

मैना विसरली नाही. ती उठली, त्याच भिंतीखालच्या माठात पेला बुडवला आणि घटाघटा पाणी प्याली.

“अगं, हे काय केलंस?” मोरोपंत ओरडले.

“तहान लागली होती जी.”

माठाचीही फोड झाली. (कर्ता अज्ञात.) साहेबांनी शेरा दिला : ‘उत्तर बिनचूक. उपयोजन अकाली.’

संध्याकाळी मैनेचे वडील पुंजाजी शाळेत आले.

“गुरुजी, पोरगी चुकली काय?”

“चुकली नाही, पुंजाजी. घाई केली.”

“तुमी शिकवलं तेच करून राहिली होती ना ते?”

“ते खरं. पण माठ गावाचा होता.”

“अन् आमी कोन्या गावचे?”

हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा असल्याने मोरोपंतांनी उपरण्याने चष्मा पुसला.

भेदभाव मुळापासून उपटण्यासाठी शाळेने मग धाडसी निर्णय घेतला : नवा माठ ठेवायचाच नाही. सर्वांनी आपापल्या घरी जाऊन पाणी प्यावे. संपूर्ण समता! बाकीच्यांची घरे शाळेला लागून होती, मैनेचे नाल्यापलीकडे. ती पाणी पिऊन परतेपर्यंत तास संपलेला असे आणि हजेरीत तिच्या नावापुढे फुली पडलेली असे. पुढेपुढे ती तहान मारून बसू लागली. एका दुपारी ओठ कोरडे पडून वाचता वाचता तिचा आवाजच फुटेना. दुसऱ्या दिवशी पुंजाजींनी तिला अमरावतीला बहिणीकडे, इंदूबाईकडे नेऊन घातले. निघण्याआधी दप्तर न्यायला बापलेक शाळेत आले तेव्हा मोरोपंत फळ्याकडे तोंड करून प्रत्यय लिहीत होते. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्या वर्षी तिसरीचा निकाल शंभर टक्के लागला.

मैना १९६६ साली मॅट्रिक झाली.

वाचक सुशिक्षित आहेत. त्यांना हे सारे जुने वाटेल. तसे ते आहेच. फक्त एक गोष्ट नमूद करतो. या कथेत एकाचेही आडनाव दिलेले नाही, जातही सांगितलेली नाही. तरी कोण कुठला, हे तुम्ही नुसत्या नावावरून ओळखलेत.

यालाच भाषेची उत्तम जाण म्हणतात.