अभ्यासाच्या वेळचा आवाज

टॅबला मी हात लावणार नाही, असे मी पहिल्याच दिवशी ठरवले. पुढचे सगळे त्यातून झाले.

कारण साधे होते. कोल्हापूरला फाउंड्रीत मोल्डर म्हणून, वाळूचे साचे करण्यात, माझा जन्म गेला. गरम वाळूने आणि लोखंडाने माझ्या बोटांची टोके अशी करून ठेवली आहेत, की सुई टोचली तर सुई वाकेल. (स्वभावही तसाच आहे, असे घरातले म्हणतात. मला ते कौतुक वाटते.) सूनबाईने, म्हणजे सावनीने, टॅब माझ्या हातात दिला. मी बोट ठेवले. काही झाले नाही. दाबले. काही नाही. अंगठ्याने रेटले, तेव्हा सावनीने टॅब काढून घेतला.

"बाबा, नुसता स्पर्श पुरतो त्याला."

"मग माझा का पुरत नाही?"

"बोटं कडक झालीत तुमची. होतं असं."

एका काचेने मला ओळख दाखवू नये, हे मला मान्य नव्हते. मी म्हणालो, "मी उत्तरं सांगीन. दाबायचं काम ही करील."

ही म्हणजे रत्नप्रभा, माझी बायको. लग्न झाल्यापासून हिने मला चारचौघांत एकदाही खोडून काढलेले नाही. सांगेन ते काम निमूट करते. असे माणूस हाताशी असताना मी काचेची मिनतवारी कशाला करू?

आमचा मुलगा अमेय विमा कंपनीत आहे. त्याची जयपूरला बदली झाली, म्हणून आम्ही वैशाली नगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. सावनीला इथेच एका कंपनीत नोकरी लागली. ती कंपनी टॅबवर शिकवते. मुलांना शिकवतेच, पण सावनीने साठीपुढच्या लोकांसाठी वेगळा वर्ग काढला होता. औषधाची चिठ्ठी कशी वाचावी, नकाशा कसा बघावा, टक्केवारी, हवामान, असले धडे. तुम्ही कुठे चुकता, कुठे अडता, काय विसरता, हे सगळे टॅब टिपून घेतो आणि त्यावरून पुढचा धडा ठरवतो. आमच्या मास्तरांकडे असले काही नव्हते. एक छडी होती, आणि ती सगळ्यांना सारखीच होती. मी चौथीनंतर शाळेत गेलो नाही, त्यात तिचा वाटा आहे.

सावनीची अडचण मोठी होती. साहेबांचे म्हणणे, म्हातारी माणसे शिकत नाहीत, हा वर्ग बंद करा. होळीनंतर दिल्लीहून बडी माणसे येणार होती. तोवर कोणी शिकून दाखवले नाही, तर वर्ग बंद आणि सावनी परत लहान मुलांच्या पाढ्यांवर.

"म्हातारी माणसं शिकत नाहीत काय," मी म्हणालो. "माझं नाव घाल."

रोज दुपारी चार वाजता मी खुर्चीत बसे. ही खाली सतरंजीवर, टॅब मांडीवर घेऊन. टॅबमधली बाई हिंदीत धडा सांगे, मग प्रश्न विचारी. मी उत्तर देई. स्पष्ट, ठाम, खणखणीत. फाउंड्रीत भट्टीच्या आवाजाच्या वर बोलायची सवय आहे, ती गेलेली नाही. ही दाबी. टॅबमधून 'शाबाश' असा आवाज येई. चूक म्हणून कधी येत नसे. (आलाच तर मी हिला विचारी, नीट दाबलेस का? ती म्हणे, माझंच बोट घसरलं. मी माफ करी.)

आठवड्याने पहिला रिपोर्ट आला. सावनीने जेवताना वाचला. प्रगती उत्तम, समज उत्तम, सातत्य उत्तम. मी अमेयकडे पाहिले. तो आमटीकडे पाहत होता.

"बाबा, सगळ्या राजस्थानात तुमच्या गटात तुम्ही पहिले आहात," सावनी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. माझाही फुलला असता, पण मी तसे होऊ देत नाही.

"अजून काय म्हणतोय?"

"एक सूचना आहे. 'अध्ययन के समय आसपास शोर अधिक है. कृपया शांत स्थान चुनें.'"

"त्याला कसं कळलं?"

"माइक असतो ना त्यात. आजूबाजूला किती गोंगाट आहे, तेही मोजतो."

हे मला पटले. इथे गोंगाट आहेच. दुसऱ्या दिवसापासून मी बंदोबस्ताला लागलो. चार ते पाच कुकर लावायचा नाही, असे घरात सांगितले. शेजारच्या पंडितजींना मिक्सर बंद ठेवायला सांगितले. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, पण ऐकले त्यांनी. खातीपुऱ्याच्या बाजूने रेल्वेगाडीची शिट्टी येते, तिच्यासाठी कुठे अर्ज करायचा, ते अमेयला विचारले. तो म्हणाला, बघतो. अजून बघतोय.

राहिला सुखदेव भाजीवाला. त्याचा गाडा बरोबर सव्वाचारला खाली येई आणि "गाजर, मटर, पालक" अशी आरोळी तिसऱ्या गल्लीपर्यंत जाई. मी बाल्कनीतून ओरडलो, "सुखदेव, आवाज बंद. इथे अभ्यास चाललाय."

"बाऊजी, आवाज नहीं दूँगा तो माल कैसे बिकेगा?"

"मला माहीत नाही. पढ़ाई है."

तो भला माणूस. मुक्याने गाडा ढकलत जाऊ लागला. आठवडाभर गल्लीत कोणाला पालक मिळाला नाही. बायकांनी हिच्याकडे तक्रार केली. ही म्हणाली, "यांचं शिक्षण चाललंय." मला अभिमान वाटला.

पुढचा रिपोर्ट आला. प्रगती अधिक उत्तम. शेवटी तीच ओळ, आसपास शोर अधिक है. मी म्हणालो, मशीन हट्टी दिसते. सावनी म्हणाली, वरुणला विचारते. वरुण तिच्या ऑफिसातला इंजिनियर, नागपूरचा. आकडे बघणे हेच त्याचे काम. त्याने निरोप पाठवला, बघून सांगतो, पण काकांच्या आकड्यांना तोड नाही, दिल्लीच्या लोकांसमोर काकांनाच बसवू.

मी कोट काढला. हीही नवी साडी नेसली, बगरूच्या छापाची.

हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा होता. टॅबवर दिसेल ते पडद्यावर दिसणार होते. पुढच्या रांगेत दिल्लीचे साहेब. मी व्यासपीठावर बसलो. सावनी माइकवर म्हणाली, "हे देवराम, माझे सासरे. शाळा चौथीपर्यंत." मी मान ताठ केली.

प्रश्न आला. एवढ्या लोकांत आपणच दाबावे, म्हणून मी रुबाबात बोट ठेवले. काच ढिम्म. अंगठा रेटला.

"काका, हलके," वरुण बाजूने पुटपुटला.

"हलकेच आहे हे," मी म्हणालो आणि हिला हाक मारली. ही पदर सावरत वर आली आणि टॅब हातात घेऊन शेजारी उभी राहिली.

पडद्यावर हिंदीत प्रश्न होता. गोळी दिवसातून तीनदा, सारख्या अंतराने घ्यायची आहे. किती तासांनी घ्याल?

"सहा," मी हिंदीतून हॉल घुमवला.

पडद्यावर आठावर खूण झाली. हिरवा रंग. शाबाश.

कोणीतरी खोकले. मला वाटले, बोट घसरले. दुसरा प्रश्न, नकाशात उत्तर दिशा कुठे असते?

"उजवीकडे."

पडद्यावर 'ऊपर' हिरवे झाले. शाबाश.

हॉलमध्ये हसू फुटले. मी वळून पडदा पाहिला. मग हिच्याकडे पाहिले.

"मी उजवीकडे म्हटलं ना?"

"हो."

"मग वर का दाबलंस?"

"उजवीकडे चुकीचं होतं म्हणून."

"मग मला सांगायचं."

"चारचौघांत कसं सांगायचं?"

"घरी कुठं होते चारचौघे?"

"घरी तुम्ही एकटेच चौघांएवढे असता," ही म्हणाली. माइक चालू होता, आणि वरुणने पुढच्या रांगेला हिंदीत अर्थ सांगितला.

दिल्लीचे साहेब डोळे पुसत होते. सावनी पांढरी पडली. वर्ग बुडाला, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. माझ्यामुळे बुडाला. ते मला सहन झाले नाही. मी उभा राहिलो, माइक घेतला आणि हिंदीत सांगितले, "साहेब, नाव चुकले आहे. आकडे चुकलेले नाहीत. शिकणारी ही आहे. साठीपुढची आहे. हिला तुम्ही काहीही विचारा."

त्यांनी विचारले. औषध, नकाशा, टक्केवारी. हिने एकटीने, न घाबरता सगळे दाबले. एकदाही लाल रंग आला नाही. मी बाजूला छाती काढून उभा होतो. टाळ्या पडल्या, त्या मीही घेतल्या. (खाते माझ्या नावावर होते.)

वर्ग चालू राहिला. सावनीला हाताखाली दोन माणसे मिळाली. हिला प्रशस्तिपत्र मिळाले, ते मी दिवाणखान्यात लावले आणि पंडितजींना दोनदा दाखवले.

चार दिवसांनी जेवताना वरुणचा फोन आला. सावनीने ऐकला आणि फोन खाली ठेवून इकडेतिकडे पाहू लागली.

"काय म्हणतो?"

"तो शोर सापडला, बाबा. कुकर नाही, गाडी नाही, भाजीवालाही नाही. टॅबपासून हातभर अंतरावर एकच आवाज आहे. पुरुषाचा."

अमेय आमटीकडे पाहत होता.

आता चार ते पाच मी बाल्कनीत बसतो. रिपोर्टातली ती ओळ गेली. काल सव्वाचारला सुखदेवचा गाडा आला. मी वरून विचारले, "आज पालक कैसा है?"

त्याने ओठांवर बोट ठेवले.

"बाऊजी, धीरे," तो म्हणाला. "माताजी पढ़ रही हैं."