मान वजा जाता उरलेले नाव

नागरिकांच्या नावांतील मानवाचक शब्दांमुळे संगणकाचा गोंधळ होतो, ही गंभीर बाब यांगूनमधल्या आमच्या विवाह नोंदणी कार्यालयाच्या निदर्शनास आली. आमच्याकडे पुरुष लहानपणी मौंग असतो, मिसरूड फुटले की को होतो आणि पोट सुटले की ऊ. बाई आधी मा, मग दॉ. म्हणजे एकच गृहस्थ संगणकाला तीन गृहस्थ वाटतो. सबब, नावांतून असे सर्व शब्द वगळावेत, असे परिपत्रक संचालक ऊ मौंग को यांनी काढले.

अंमलबजावणी झिन फ्यो या पोरगेल्या प्रोग्रामरकडे आली. तो पायथन या संगणकी भाषेत काम करतो. त्या भाषेत नाव म्हणजे अवतरणचिन्हांत कोंडलेली अक्षरांची माळ. तिला स्ट्रिंग म्हणतात. झिन फ्योने एकच ओळ लिहिली: माळेत ऊ, को, मौंग, मा, दॉ यांपैकी जो शब्द दिसेल तो काढून टाकावा. ऊ तिन श्वे यांचे तिन श्वे झाले, दॉ ए मिन यांच्या ए मिन झाल्या. संचालकांनी सर्वांना चहा पाजला.

मी या कार्यालयात कारकून आहे. आजोबा सोलापूरहून इथे आले, मी इथलाच झालो. दुसऱ्याच सकाळी माझ्या खिडकीवर एक जोडपे आले. तो चष्म्याच्या दुकानाचा मालक, ती दातांची डॉक्टर.

"नाव?"

"को को."

मी टाइप केले. पडद्यावर काहीच उमटले नाही.

"तुम्ही नुसताच मान आहात," मी म्हणालो. "तो काढला तर आत कोणी नाही."

"हे मी याला कधीची सांगतेय," ती म्हणाली.

"आपलं नाव?"

"मा मा."

(मराठी वाचकांनी हे जोडून वाचू नये.) पडदा पुन्हा कोरा. मग संगणकाने दोन्ही कोऱ्या नावांची तुलना केली, ती तंतोतंत जुळली, आणि तांबडी पाटी आली: वर व वधू एकच व्यक्ती असल्याने विवाह नोंदता येत नाही.

को कोचा चेहरा उतरला. बौद्ध वर्षावासाची वाऽसो पौर्णिमा शुक्रवारी होती. ती लागली की तीन महिने लग्ने बंद, आणि मा माची बदली मौलम्याइनच्या दवाखान्यात झाली होती. दाखला असेल तरच दोघांना तिथे क्वार्टर मिळणार होते.

"मी काय तिकडे एकटी जाऊ?" मा माने विचारले. मला वाईट वाटले, पण वाईट वाटण्याचा रकाना आमच्याकडे नाही.

झिन फ्यो धावत आला. "दादा, दोन ओळींचं काम आहे. नाव पूर्ण रिकामं होत असेल तर हात लावायचा नाही, एवढंच सांगायचं."

"पण दुरुस्तीसाठी बाधित व्यक्तीचा अर्ज लागतो," मी नियम वाचून दाखवला. को कोने तिथल्या तिथे अर्ज लिहिला. संगणकात तो निनावी म्हणून नोंदला गेला, आणि निनावी अर्जांवर कारवाई होत नाही.

मी त्याला सरळ मार्ग सुचवला: वर्तमानपत्रात नाव बदलल्याची जाहिरात. इथे सगळेच देतात. जुने नाव मात्र सरकारी नोंदीप्रमाणेच द्यावे लागते. बुधवारच्या अंकात चौकट आली: "'' यांना यापुढे को को म्हणावे." मी कात्रण जोडले, नवे नाव भरले. पडदा कोरा.

"आता जुनं नाव तरी बदललं ना?" को कोने विचारले.

"पायथनमध्ये स्ट्रिंग कधी बदलत नाही," झिन फ्यो खाली मान घालून म्हणाला. "जुनी तशीच राहते, शेजारी नवी बनते."

"हे तर आपल्या फायलींसारखंच," मी म्हणालो.

या वेळी पाटी नवी होती: अर्जदार आधीच विवाहित. शहरातले झाडून सगळे को को, मौंग मौंग आणि ऊ मौंग एका कोऱ्या माणसात गोळा झाले होते, आणि त्या माणसाला बायकांची भलीमोठी यादी होती. को को घामाघूम झाला. मा माने मात्र माझ्या खांद्यावरून वाकून यादी सावकाश वाचली आणि एका नावावर बोट ठेवले. खिन न्वे.

"या तुमच्या संचालकांच्या बायको ना? दाढ काढायला माझ्याकडेच येतात."

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. मागोमाग आम्ही.

"सायाजी," ती 'मोठे साहेब' म्हणावे तसे अदबीने म्हणाली, "ते परिपत्रक कोणी काढलं?"

"मी."

"संगणकात बघता?"

मी बघितले. काढणाऱ्याचे नाव: कोरे. ऊ, मौंग आणि को, तिन्ही वगळलेले.

"कोरी तर मी आहे," मा मा म्हणाली. "कोरा हा आहे. तुम्हीही कोरेच. कार्यालयाच्या म्हणण्यानुसार आपण सगळे एकच. मग परिपत्रक मीच काढलं. मीच रद्द करते. आणि हे लग्न मंजूर."

संचालकांनी तोंड उघडले. "पण सहीचा अधिकार माझा आहे."

"तेच म्हणतेय मी," असे म्हणून तिने त्यांचेच पेन उचलून सही केली. संगणकाने ती तपासली, संचालकांच्या सहीशी ताडून पाहिली आणि दोन्हींखालची नावे कोरीच असल्याने स्वीकारली. गुरुवारी लग्न झाले. जेवणातला मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, उत्तम होता, संचालकांनी दोनदा घेतला.

परिपत्रक रद्द झाले, पण झिन फ्योची ती ओळ वाया जाणार म्हणून मला हळहळ वाटली. माझा आतेभाऊ तिकडे महाराष्ट्रात एका नगरपालिकेत मोठ्या जागेवर आहे. त्याला ती पाठवली. तो हरखून गेला. तिकडचे मानवाचक शब्द मीच झिन फ्योला सांगितले: श्री, सौ., राव, साहेब, दादा, भाऊ, अण्णा, आप्पा, ताई, बाई. सोमवारपासून तिकडे सुरू झाले आहे.

पहिला अर्ज भाऊसाहेबांचा होता, असे आतेभाऊ कळवतो. दुसरा ताईबाईंचा. तिसरा तुमचा असेल, तर खिडकीशी जाण्याआधी मान वजा करून आपण किती उरतो ते घरीच पाहून जावे.