पदूमामांचा सतरा मार्च

मार्चच्या सतरा तारखेला, शेलार गावाच्या भर उन्हात, आमचे पदूमामा हिरवा सदरा घालून गल्लीत येतात. छातीवर डाव्या बाजूला टाचणीने लावलेलं अंबुशीचं तीन पाकळ्यांचं पान. गटाराकडेला उगवतं, पोरं आंबट म्हणून चघळतात, तीच अंबुशी. मामांनी ती कुंडीत जपलीय; एक पान माझ्याही शर्टाला लावतात. आयर्लंडात लावतात ते पान वेगळं, हे मला माहीत आहे. बोललो नाही. मी पुष्कळ गोष्टी बोललेलो नाही.

समोरचे पॉवरलूमवाले मुस्तफाभाई हसतात. "मामा, ईद तो अभी दूर है."

"तुमारा दूर है. हमारा आज है."

हमारा म्हणजे आयरिश लोकांचा सण, संत पॅट्रिकचा. मामा त्याला पात्रिकबाबा म्हणतात. जन्म शेलारचा, जात आगरी, पण या एका दिवशी ते 'आपल्यान', म्हणजे आपल्यात, हा शब्द आयर्लंडसाठी वापरतात. एकदा मी म्हटलं, "मामा, आज हिरवं न घालणाऱ्याला चिमटा काढतात म्हणे. बियरसुद्धा हिरवी करतात." मामा भडकले. "ता अमेरिकेन! आपल्यान तसा न्हाय."

त्यांचं आपल्यान सगळं सरिताकडून आलेलं. सरिता त्यांची एकुलती एक, तिकडे नर्स. मामी गेल्यावर मामांना सोडून ती जायला तयार नव्हती. "मामांकडे मी बघतो, तू जा," असं म्हणून तिला पाठवणारा मीच. तिने तिकडच्याच शॉनशी लग्न केलं. दर सतरा मार्चला फोन करून ती गावात काय चाललंय ते सांगायची. सकाळी कोटाला पान लावून चर्च, मग गावाची छोटी मिरवणूक, तीत शाळेची पोरं आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, मग घरी येऊन उकडलेले बटाटे आणि कोबी.

एका हिवाळ्यात नाईट ड्युटीला जाताना बर्फावरून तिची गाडी घसरली. माती तिकडेच झाली. मामांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. पुढच्या मार्चला दिघाशी गावाहून ट्रॅक्टर मागवला.

तेव्हापासून मिरवणूक शेलारलाही निघते. एक ट्रॅक्टर जातो. बघायला मामा आणि मी. "टाल्या वाजव रं भाच्या, मयताला आलास काय?" मी टाळ्या वाजवतो. ड्रायव्हर हात हलवायला विसरला तर मामा त्याला मागे घ्यायला लावतात.

त्यांचा उपवासही असतो. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस तिकडे आवडीची एक वस्तू सोडतात. मामा सुकट सोडतात. पण पात्रिकबाबाच्या दिवशी सूट. यंदा रमजानही त्यातच आला, तर मुस्तफाभाई म्हणाले, "आपका अच्छा है मामा, बीच में छुट्टी मिलती है."

संध्याकाळी शॉनचा व्हिडिओ कॉल यायचा, माझ्या फोनवर. नोरा, सरिताची मुलगी, तिचं पान दाखवायची, मामा अंबुशी दाखवायचे. तिला मराठीचा 'आजोबा' हा एकच शब्द येतो. तेवढ्यावर मामांचं वर्ष निघायचं.

यंदा सकाळीच शॉनचा मेसेज आला. त्याने दुसरं लग्न केलंय. नोरा आता कुठे रुळतेय, कॉलनंतर ती रात्रभर रडते, म्हणून आता कॉल नको. मी तो वाचला, फोन खिशात टाकला आणि ट्रॅक्टरला टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मामांनी बटाटे-कोबी वाढली. फोडणी नाही. फोडणी आपल्यान नसते. बाजूला सुकट, दोन ग्लास ताडी. माझा फोन डब्याला टेकवून उभा केला. अंधार पडला तरी मामा सदऱ्याची गुंडी नीट करत होते.

"मामा," मी म्हणालो, "फोन नाही येणार."

"ठाव हाय. सकालपासून तुझा थोबाड बघतंय मी. वाच."

मी मराठी करून वाचला. मामांनी ताटातली सुकट चिवडली.

"नवी बाई पोरीला बरी बघतं का?"

"नोरा तिला मम्मी म्हणते." मेसेजातली ही एक ओळ मी वाचली नव्हती.

मामांनी छातीवरचं पान काढून ताडीत बुडवलं. शेवटच्या ग्लासात पान बुडवायचं, ग्लास संपवायचा आणि पान डाव्या खांद्यावरून मागे टाकायचं, म्हणजे नशीब फळफळतं. हेही सरिताचंच. त्यांनी ग्लास संपवला, पान मागे टाकलं. "नोराला," म्हणाले.

मग माझ्या शर्टावरचं पान काढून माझ्या ग्लासात टाकलं.

"मामा, मी तिला पाठवली नसती तर..."

"तर नोरा कुठशी आली असती? पी."

मी प्यालो. पान खांद्यावरून टाकलं.

मामा ताटं गोळा करायला लागले. उरलेली सुकट त्यांनी डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"घरी ने. उद्यापासून मना सुकट परत बंद."